करंटला पाणी म्हणावे का? बारावीतल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. मुलगा बारावीत, सीबीएसई. क्लासच्या सरांनी वीज शिकवताना नळातल्या पाण्याची उपमा दिली आणि ती त्याला एकदम पटली. मग टेस्टमध्ये त्याने दोन उत्तरे अशी लिहिली: सिरीजमधल्या (एकापाठोपाठ एक जोडलेल्या) दोन सारख्या बल्बांपैकी बॅटरीजवळचा जास्त उजळेल, कारण करंट आधी तिथे पोचतो, आणि पॅरललमध्ये (शेजारी, वेगळ्या वाटेवर) आणखी एक बल्ब जोडला तर बॅटरीतून निघणारा करंट कमी होईल, कारण अडथळा वाढला. दोन्ही चुकीची. आता त्याचे बाबा म्हणताहेत, या गोष्टीबिष्टी बंद, फॉर्म्युले पाठ कर आणि गणिते सोडव. तुम्हाला ते पटत नाही, पण मार्क गेले हेही खरे. जाता जाता तुम्ही हेही विचारले आहे की केमिस्ट्रीतल्या अणूच्या सूर्यमालेचे काय करायचे. त्याकडे शेवटी येते.

मी इंदुरातच बरीच वर्षे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आधी शाळेत आणि आता घरी. बाबांची तक्रार मला रास्त वाटते, इलाज मात्र लागू पडणार नाही. उपमा बंद करता येत नाही. करंट कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार करताना माणूस ओळखीच्या कशाला तरी धरूनच पुढे सरकतो. सरांनी काही दिले नाही तर मुलगा स्वतःच काहीतरी शोधेल, आणि मग त्याच्या डोक्यात काय चालू आहे ते ना तुम्हाला कळेल ना सरांना. आज निदान चूक कुठून आली ते कागदावर दिसते आहे.

तेव्हा आधी ती चूक नीट वाचू या.

‘करंट आधी तिथे पोचतो’ हे वाक्य सरांनी शिकवले असेल असे मला वाटत नाही. ते आपल्या घरच्या नळाने शिकवले आहे. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढून आलेले नर्मदेचे पाणी आपल्याकडे एक दिवसाआड येते. नळ उघडला की आधी नुसती हवा, सूं सूं आवाज, मग दोन-चार गुळण्या टाकल्यासारखे पाणी, मग कुठे धार. खालच्या मजल्याला आधी, वरच्याला नंतर. लाइनीच्या तोंडाशी असलेल्या घरांना भरपूर, गल्लीच्या टोकाला उरलेसुरले. शेजाऱ्यांनी टुल्लू (लाइनीतून पाणी ओढणारी छोटी मोटर) लावला की आपली धार बारीक. इंदुरातल्या मुलाला ‘नळीतले पाणी’ म्हटल्यावर हेच आठवणार, आणि त्याने ते सगळेच्या सगळे उचलून सर्किटवर ठेवले.

पुस्तकातली नळी वेगळी असते. ती सतत काठोकाठ भरलेली, तिची दोन्ही टोके पंपाला जोडलेली, आणि आत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरणारे. अशा नळीत एका जागी ढकलले की सगळीकडचे पाणी बरोबरच सरकते. आधी पोचायचा प्रश्नच येत नाही. तांब्याच्या तारेचे असेच आहे, ती इलेक्ट्रॉनांनी कायम भरलेली असते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर करंट जात असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटर सरकतात, म्हणजे तासाला जेमतेम वीतभर. हे गणित त्याला स्वतः करायला सांगा, बारावीच्या पुस्तकात ड्रिफ्ट व्हेलॉसिटीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या या सरासरी सरकण्याच्या वेगाचे, सूत्र आहेच. आकडा बघून मुले हमखास विचारतात, मग बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो? हा प्रश्न त्याच्या तोंडून आला की रिकाम्या नळीचे भूत उतरले असे समजा. धक्का तारेतून प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने जातो, इलेक्ट्रॉन मात्र गोगलगायीलाही लाजवतील असे चालतात. दोन्ही बल्बांतून सेकंदाला तितकेच इलेक्ट्रॉन जातात, म्हणून दोन्ही सारखेच उजळतात. बल्बात खर्च होते ती ऊर्जा. करंट जेवढा शिरला तेवढाच बाहेर पडतो.

म्हणजे ‘पाणी’ हा एकच शब्द, पण सरांच्या मनात एक नळी होती आणि मुलाच्या मनात दुसरी. उपमा देताना आपण धरून चालतो की जिच्यावरून ती घेतली ती गोष्ट दोघांना सारखीच माहीत आहे. बऱ्याचदा तसे नसते. मी आता वीज सुरू करण्याआधी मुलांना विचारते, तुमच्या घरी पाणी कसे येते ते सांगा. पाच मिनिटे जातात, पण पुढचा आठवडा वाचतो.

उपमेतून काय उचलायचे आणि काय मागे ठेवायचे, याबद्दल डेड्रे गेंटनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये केलेली मांडणी मला वर्गात सर्वांत उपयोगी पडते. थोडक्यात अशी: चांगल्या उपमेत वस्तूंचे गुण पलीकडे जात नाहीत, वस्तूंमधली नाती जातात. पाणी ओले आहे, थंड आहे, पिता येते, हे सगळे अलीकडेच राहते. ‘दाबात फरक असेल तरच प्रवाह वाहतो, आणि वाट अरुंद असेल तर तेवढ्याच फरकाने कमी वाहतो’ हे पलीकडे जाते. सुटे नाते नेण्यापेक्षा एकमेकांत गुंतलेल्या नात्यांची अख्खी साखळी नेली तर ती उपमा जास्त कामाची. तुमच्या मुलाने नेले तेही नातेच होते, फक्त ते रिकामी नळी भरण्याच्या वेळचे होते. सर्किटात तशी वेळच येत नाही.

आता दुसरी चूक. ही जास्त मजेदार आहे, आणि ती एकट्या तुमच्या मुलाची नाही. त्याच १९८३ साली डेड्रे आणि डोनाल्ड गेंटनर यांनी विजेची फारशी माहिती नसलेल्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या डोक्यात करंट म्हणजे वाहते पाणी होते, काहींच्या डोक्यात दारांतून जाणारी गर्दी. पाणीवाल्यांना सेल सिरीजमध्ये आणि पॅरललमध्ये जोडण्याचे प्रश्न बरे जमले, गर्दीवाल्यांना रेझिस्टरचे (म्हणजे करंटला अडथळा करणाऱ्या भागांचे, जसा बल्ब). उपमा बदलली की कुठे चुकायचे तेही बदलले.

कारण उघड आहे. टाकीवर टाकी ठेवली की उंची वाढते, दाब वाढतो: सिरीजमधले दोन सेल. टाकीशेजारी टाकी ठेवली की दाब तेवढाच, पाणी मात्र जास्त वेळ पुरते: पॅरलल. हे पाण्यात डोळ्यांसमोर दिसते. पण रेझिस्टर म्हटले की पाणीवाला ‘नळीत अडकलेला बोळा’ बघतो, आणि दोन बोळे म्हणजे दुप्पट अडथळा असे म्हणून मोकळा होतो, मग ते कसेही जोडलेले असोत. तुमच्या मुलाने तेच लिहिले.

इथे मी पाणी बाजूला ठेवते आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे आपली रंगांची मिरवणूक, काढते. राजवाड्यासमोर लोटलेली गर्दी मुलांनी पाहिलेली असते. समजा गर्दीला बाहेर पडायला एकच बोळ आहे आणि मागून रेटा कायम आहे. मिनिटाला काही माणसे बाहेर पडतात. आता शेजारी तसाच दुसरा बोळ उघडला. पहिल्या बोळातली माणसे कमी झाली का? नाही, रेटा तोच आहे. एकूण बाहेर पडणारी? दुप्पट. तिसरा उघडला तर तिप्पट. बोळ अरुंद आहे, अडथळा आहे, तरी तो वाढवल्याने वाट वाढली. मग लगेच आकडे: १२ व्होल्टची बॅटरी, ६ ओहमचे बल्ब. एक बल्ब, २ अँपिअर. पॅरललमध्ये दोन, ४ अँपिअर. तीन, ६ अँपिअर. तेच दोन बल्ब सिरीजमध्ये लावले, म्हणजे एका बोळातून निघून लगेच दुसऱ्यात शिरायचे, तर १ अँपिअर. आकडे गर्दीच्या पाठोपाठ यायला हवेत, दुसऱ्या दिवशी नाही. उपमेने ओळख पटते, पण खात्री आकड्यानेच होते.

गर्दीची उपमा कुठे लंगडी पडते? बॅटरीपाशी. मागून रेटा कोण देतो, तो दुप्पट कसा करायचा, याला गेरमध्ये चांगले उत्तर नाही. म्हणून सेलच्या प्रश्नाला टाकी आणि रेझिस्टरच्या प्रश्नाला बोळ. एकाच उपमेने सगळे प्रकरण सोडवायचा हट्ट धरू नये, आणि दोन वापरतो म्हणजे मुलगा गोंधळेल अशी भीतीही बाळगू नये. गोंधळ उपमा दोन असल्याने होत नाही, कोणती कधी ते न सांगितल्याने होतो.

आणि टुल्लूचे ज्ञान फेकून देऊ नका बरे का. शेजाऱ्याने मोटर लावल्यावर आपली धार बारीक होते, तसेच घरात जड मोटर सुरू होताना दिवा क्षणभर मिणमिणतो. वरच्या गणितात बॅटरी आदर्श धरली होती. खऱ्या बॅटरीला आतला रेझिस्टन्स असतो, त्यामुळे बल्ब वाढवत गेलो की प्रत्येकाच्या वाट्याचे व्होल्टेज थोडे उतरते. इंटर्नल रेझिस्टन्स हा भाग येईल तेव्हा इंदूरचा नळ मुंबईच्या नळापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

बाबांसाठी एक गोष्ट. ते जो फॉर्म्युला पाठ करायला सांगताहेत, तो स्वतः एका उपमेतून आला आहे. फूरिए यांनी १८२२ मध्ये सळईतून उष्णता कशी वाहते याचे गणित मांडले: तापमानातला फरक जितका जास्त तितका उष्णतेचा ओघ जास्त. जॉर्ज ओम यांनी विजेचा विचार त्याच साच्यात केला आणि १८२७ च्या पुस्तकात आपला नियम मांडला. तापमानाच्या जागी व्होल्टेज, उष्णतेच्या ओघाच्या जागी करंट. त्यांनी तारांवर प्रयोग केलेच, पण विचाराचा सांगाडा उष्णतेचा होता.

आणि उपमा अर्धी चुकीची असूनही काम करते याचा माझा आवडता दाखला सादी कार्नो यांचा, १८२४ चा. त्यांनी वाफेच्या इंजिनाकडे पाणचक्कीसारखे पाहिले. पाणी उंचावरून खाली पडते आणि चाक फिरते, तशी उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे ‘पडते’ आणि काम होते. त्यातून त्यांना अचूक गोष्ट मिळाली: इंजिनातून जास्तीत जास्त किती काम मिळेल हे दोन तापमानांवर ठरते, आत वाफ आहे की हवा यावर नाही. पण पाणचक्कीतले पाणी जेवढे वरून आले तेवढेच खाली जाते, म्हणून त्यांनी उष्णताही खर्च होत नाही असे धरले. ते चुकीचे होते. काही उष्णतेचे कामात रूपांतर होते, आणि पुढे क्लॉसियस व केल्विन यांनी ते दुरुस्त केले. तुमच्या मुलाची चूक बरोबर उलटी आहे. जे खर्च होत नाही ते त्याला खर्च होताना दिसले. त्याला हे सांगा, जरा धीर येईल.

आता तुम्ही न विचारलेला, पण खरा अडसर ठरणारा मुद्दा. उपमा समजली तरी परीक्षेत ती आठवत नाही. १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी हे फार स्वच्छ दाखवले. कोडे कार्ल डुंकर यांचे: रुग्णाच्या पोटात गाठ आहे, ऑपरेशन शक्य नाही. किरणांचा जोर मोठा ठेवला तर गाठ जळते पण वाटेतले निरोगी भागही जळतात. कमी ठेवला तर गाठीलाही काही होत नाही. काय कराल? नुसते कोडे दिले तर दहातला सुमारे एक जण सोडवायचा. दुसऱ्या गटाला आधी एक गोष्ट वाचायला दिली: किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर सुरुंग पेरलेत, मोठी फौज गेली की फुटतात, सेनापती छोट्या तुकड्या करून सगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी पाठवतो. गोष्ट वाचून लगेच कोडे, तरी आपणहून सोडवणारे साधारण तीस टक्केच. ‘मघाची गोष्ट वापरून बघा’ एवढे म्हटल्यावर मात्र तीनचतुर्थांश लोकांना जमले. (उत्तर तुम्हाला आले असेलच: अनेक दिशांनी मंद किरण, सगळे गाठीवर एकत्र.)

म्हणजे किल्ली खिशात होती, पण खिशात हात घालायचे सुचले नाही. कारण एकीकडे सैन्य, दुसरीकडे दवाखाना, वरवर काहीच सारखे नाही. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये फिजिक्सच्या गणितांच्या चिठ्ठ्या गटांत लावायला दिल्या, तेव्हा नवशिक्यांनी ‘उतारावरची’, ‘पुलीची’ असे गट केले आणि जाणकारांनी ‘ऊर्जा अक्षय्यतेची’, ‘न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची’ असे. तुमचा मुलगा सध्या ‘बल्बची गणिते’ असा गट करतो आहे.

यावर उपाय आहे आणि तो घरी करता येतो. गिक आणि होलिओक यांनीच १९८३ मध्ये दाखवले की एकाऐवजी दोन गोष्टी दिल्या आणि त्यांची तुलना करायला लावली, तर पुढचे कोडे सुटण्याची शक्यता बरीच वाढते. मी मुलांना वेगवेगळ्या धड्यांतली दोन सोडवलेली गणिते शेजारी शेजारी लिहायला लावते. उदाहरणार्थ, डाव्या पानावर अकरावीचे: दोन सारख्या सळया टोकाला टोक लावून जोडल्या, एक टोक १०० अंशांवर, दुसरे ० वर, जोडाचे तापमान किती? ५०. उजव्या पानावर बारावीचे: दोन सारखे रेझिस्टर सिरीजमध्ये, १२ व्होल्टवर, मधल्या बिंदूला किती? ६ व्होल्ट. खाली एकच ओळ, स्वतःच्या भाषेत: दोन्हींत सारखे काय? माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘जेवढे एकीतून जाते तेवढेच दुसरीतून जावे लागते, म्हणून फरक दोघींत वाटला जातो.’ एवढे लिहिता आले की नंतर सळया वेगळ्या जाडीच्या दिल्या तरी ती अडत नाही. अट एकच, ती ओळ मुलानेच लिहायची. सरांनी किंवा आईने लिहून दिलेली ओळ बिनकामाची.

त्याच वहीत उपमेच्या प्रत्येक पानाखाली ‘इथे जुळत नाही’ म्हणून एक कोपरा. पाण्याखाली काय येईल? नळी कापली की पाणी सांडते, तार कापली की करंट थांबतो. नळी रिकामी होऊ शकते, तार नाही. आणि एक जरा वरच्या इयत्तेचे: संथ, सरळ वाहणाऱ्या प्रवाहात नळीचा व्यास दुप्पट केला तर पाणी १६ पट जाते, तारेचा व्यास दुप्पट केला तर करंट फक्त ४ पट. ‘जाड तार म्हणजे रुंद नळी’ हे दिशा सांगायला ठीक, हिशोबाला नाही. माझा नियम असा: दोन्हीकडची समीकरणे जुळत असतील, जसे सळई आणि तार, किंवा स्प्रिंगला टांगलेले वजन आणि एलसी सर्किट (कॉइल आणि कपॅसिटरचे), तर उत्तरही उचलून आणावे. समीकरणे जुळत नसतील किंवा माहीतच नसतील, तर उपमेवरून फक्त अंदाज करावा आणि तो तपासावा.

आता यातले किती तुमच्या मुलाला लागू पडेल हे मी त्याचा पेपर न बघता सांगू शकत नाही. काही मुलांची चूक उपमेत नसतेच. सर्किटची आकृती वाचताना सिरीज आणि पॅरलल ओळखण्यातच घोळ असतो, आणि कारण मात्र नंतर पाण्याचे जोडून देतात. त्याला एक वाकडीतिकडी काढलेली आकृती द्या. ती सरळ करून काढता आली नाही तर आधी तेवढेच करा. बोर्डाची परीक्षा दोन-तीन आठवड्यांवर आली असेल तर बाबांचे ऐका, सध्या सूत्रे आणि सराव, वही नंतर. हाताशी वेळ असेल आणि जेईई द्यायची असेल तर वही आजच सुरू करा. आणि सरांशी भांडू नका. उपमा चांगली होती. ‘नळी कायम भरलेली आहे’ एवढे एक वाक्य कमी पडले.

राहिला अणू. सूर्यमालेची उपमा रदरफर्ड यांच्या १९११ च्या मांडणीनंतर रुळली. मध्यभागी जवळजवळ सगळे वजन, बाकी बहुतेक पोकळी, आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात: एवढी नाती जुळतात. पण फिरणारा इलेक्ट्रॉन नेहमीच्या नियमांनी सतत ऊर्जा बाहेर टाकत केंद्रात कोसळायला हवा, आणि तो कोसळत नाही. बोर यांना १९१३ मध्ये वेगळे नियम आणावे लागले ते त्यासाठी, आणि पुढे तर कक्षा ही कल्पनाच सोडावी लागली. त्याच्या वहीत हे पान केले तर ‘इथे जुळत नाही’चा कोपरा वरच्या मजकुरापेक्षा मोठा होईल. ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जिथे जास्त तो भाग) सुरू झाल्यावर ते चित्र त्याने काढू नये, आणि केमिस्ट्रीच्या पेपरात इलेक्ट्रॉनला ‘फिरतो’ असे क्रियापद लिहिले असेल तर ते चालेल का हे सरांना विचारून घ्या.